अटक नाही, जामीन

—नाही गं बाई, कर्जानं नाही अडत. कोण म्हणालं अडतं म्हणून? तो शेजारचा फोटोवाला? त्याला काय कळतंय, तो दोन्ही कान दिसतायत का एवढंच बघतो. इकडे ये, उन्हात उभी राहू नकोस, आत ये — आणि तो फोन दे आधी. फोन आत नेता येत नाही. पर्स नाही, डबा नाही, छत्री नाही, कानात घालायची ती वायर नाही, नेलकटर नाही — हसू नकोस, परवा एका बाईला नेलकटरसाठी दारातून परत पाठवलं त्यांनी, आली आपली धापा टाकत माझ्याकडे. फाईल तेवढी न्यायची, तीही आरपार दिसणारी. ही तुझी निळी चालायची नाही. घे, ही घे, पैसे परत येशील तेव्हा दे. वेळ कितीची दिलीय? सव्वाअकरा? मग ढीग वेळ आहे. सव्वाअकरा म्हणजे पावणेबारा धरून चाल. आत्तापासून रांगेत उभी राहिलीस तर उभ्या उभ्या अवसान जाईल तुझं, आणि खिडकीवर पोचशील तेव्हा स्वतःचं नावसुद्धा चाचरत सांगशील. बघितलीयत मी तसली. बस त्या स्टुलावर. फोन सोडवत नाहीये ना हातातून — राहू दे, जाताना दे.

तर काय विचारलंस — लग्नाच्या आधीचं कर्ज, नवऱ्याकडे जायच्या व्हिसाला आडवं येतं का. हे बघ, मी वकील नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तीही चौथी अर्धी. पण नऊ वर्षं झाली या जिन्याखाली बसून लोकांच्या पिशव्या सांभाळतेय, समोर ते ऑफिस, दिवसाला साठ-सत्तर माणसं जाताना बघते आणि येताना बघते. जाताना सगळी सारखीच दिसतात. येताना कळतं. त्यांची भाषा मला वाचता येत नाही पण फॉर्मची पानं ओळखते मी, चेहऱ्यासारखी. दाखव तुझा. हे पहिलं, नाव-गाव-जन्म. हे दुसरं, लग्नाचं. आणि हे तिसरं — हे बघ, इथे खाली हो-नाहीचे चौकोन आहेत ना? वाच तू, तुला येतं. आपल्या भाषेत सांग मला. — तुरुंग. बरोबर. पोलीस. कोर्ट. कुठल्या देशानं हाकलून दिलंय का. आणि कर्ज? आहे कर्ज कुठे? शोध, शोध की. नाहीच आहे! पैशाचं पान वेगळं, आणि ते तुझ्या नवऱ्यानं भरायचं, कारण तुला पोसणार तो. त्याचा पगार किती, भाडं किती जातं, सध्याचे हप्ते किती, उरलेल्यात दोन माणसं जगतील का — एवढं बघतात ते. फिटलेलं कर्ज त्यांच्या हिशेबी मेलेलं. फसवाफसवी असेल, कोर्टात गेलेलं असेल, तर मात्र ते निराळं, तिथे वकील गाठायचा, माझ्यासारखीला विचारायचं नाही. तुझं गेलं होतं कोर्टात? नाही ना. नुसते हप्ते थकले, बँकेची माणसं फोन करून घाण घाण बोलायची, मग तडजोड झाली, तू भरलेस. नर्सिंगच्या कोर्ससाठी घेतलेलं. चोरी केलीस का डाका घातलास? आणि तडजोडीचं पत्र आहे ना जवळ? मग झालं तर. विचारलंच तर खरं सांगायचं, नाही विचारलं तर आपणहून पुराण लावायचं नाही. लग्न खरं आहे का, नवऱ्याचा पगार पुरेल का, आणि तोंडानं सांगितलेलं आणि कागदावर लिहिलेलं एक आहे का — या तीन गोष्टींत सगळा व्हिसा आला. जा बिनघोर.

काय म्हणालीस? — पुन्हा बोल. — त्याला माहीत नाही?

कुणाला, नवऱ्याला? अगं मग तू मला काय विचारत बसलीयस! ऑफिसला सांगू का, खिडकीवरच्या बाईला सांगू का — आणि ज्याच्या घरी भांडी मांडायला निघालीस त्याला पत्ता नाही. लग्नाला किती झाली? दीड वर्ष. दीड वर्षात एकदाही जीभ वळली नाही? — हो, हो, कळतं मला, फोनवर कसं सांगायचं. समोर असला की सांगेन, हातात हात घेऊन सांगेन. माहीत आहे ते सगळं. तोंडपाठ आहे मला. तू पहिली नाहीस असं म्हणणारी, आणि — जाऊ दे.

चेहरा पाडू नकोस. मी अशीच बोलते, माझ्या बोलण्याला काही चव नाही, सगळ्या जगाला माहीत आहे. पाणी हवंय? ती बाटली घे, माझीच आहे.

माझंही असंच होतं म्हण. अगदी असंच नाही, पण — आमचे हे वेल्डर. जहाजाच्या गोदीत पाइप जोडायचे. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा तिकडचं काम लागलं आणि गेले. मी तेव्हा युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात होते, कॉलरच्या टेबलावर. दिवसभर नुसत्या कॉलरी उलटायच्या, टोक काढायचं, दाबायचं. माझ्या हातचं टोक कधी बोथट निघालं नाही. तर जायच्या आदल्या दिवशी बॅग बांधता बांधता ह्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. बाकीचे नवरे काय काय सांगतात — आईकडे बघ, कुणाशी जास्त बोलू नकोस. हे म्हणाले, माझ्या मागे कुणाला जामीन राहू नकोस. ह्यांच्या वडिलांनी मित्राच्या कर्जाला सही दिली होती, त्यात राहतं घर गेलं, आणि सातवीतून ह्यांना उचलून वर्कशॉपात घातलं. त्यामुळे जामीन शब्द काढला की ह्यांच्या कपाळाची शीर उठायची. मी म्हटलं, मला कोण विचारतंय जामीन राहायला, मी काय जमीनदारीण आहे? हसलो आम्ही दोघं.

वर्ष झालं नाही तर धाकटी आली. माझी धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याला टेम्पो घ्यायचा होता, आमच्या कारखान्याच्या सोसायटीतून कर्ज मिळत होतं, पण दोन जामीन हवेत. एक तिच्या नवऱ्याचा दोस्त, कटिंगला होता आमच्याकडे, कापड बेतायला. दुसरी मी. ती कडेवर एक पोर आणि हाताला एक पोर घेऊन माझ्या टेबलाशी उभी, सगळ्या बायका बघतायत. ताई, तुझ्या सहीनं आमचं आयुष्य उभं राहील. — मग काय करायचं? तू काय केलं असतंस? केली सही. सात महिने टेम्पो चालला. आठव्या महिन्यात धाकटीच्या नवऱ्यानं टेम्पो विकला आणि पसार झाला. तो कटिंगवालाही नोकरी सोडून गेला. राहिले कोण? मी. माझा पगार कापायला लागले, अर्ध्याच्याही वर. चार वर्षं पाच महिने कापला. धाकटीला काय बोलणार, ती दुसऱ्यांच्या घरी लादी पुसत होती.

ह्यांना सांगितलं नाही मी. कसं सांगणार? हे पैसे पाठवायचे ते घरभाड्याला आणि सासूच्या औषधांना जायचे, माझं पोट माझ्या पगारावर होतं. दर रविवारी फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं — जेवलीस का? मी म्हणायची, जेवले. काय केलं होतंस? मग मी सांगायची काहीतरी. चांगलंचुंगलं सांगायची, ह्यांच्या आवडीचं, मीठ जास्त झालं होतं असंही घालायची मधे, खरं वाटावं म्हणून. आणि समोर काय, तर चहाचा कप आणि पाव. कधी तोही नाही. हे म्हणायचे, बरं झालं, नीट जेवत जा, मी आलो की बारीक दिसलीस तर चालणार नाही मला. — काय चुकलं माझं? त्यांना परक्या मुलखात कशाला घोर लावायचा? मी विचार केला, माझा गळफास आहे, मी सोडवीन. आणि सोडवला! शेवटचा हप्ता कापला त्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीनं दाखला दिला, कर्ज फिटलं म्हणून, शिक्का मारून. मी तो प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला. लग्नाचा फोटो नाही घातला कधी प्लॅस्टिकमध्ये.

त्याच वर्षी ह्यांना तिकडे कायमचं राहायची परवानगी मिळाली, म्हणाले आता तू ये. आले मी इथे फॉर्म भरायला. तेव्हा मागच्या गल्लीत एक फॉर्म भरून देणारा बसायचा, चष्मेवाला म्हणायचे त्याला. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. तिकडच्या भाषेत वाचायचा, आपल्या भाषेत विचारायचा, आणि आपण तोंड मिटायच्या आत टाइप करून मोकळा. नाव? लग्न कधी? मूलबाळ? — नाही. आजार? — नाही. अटक, जामीन काही?

मला वाटलं, कळलं ऑफिसवाल्यांना. सगळं येतं त्यांच्या मशीनमध्ये, सोसायटीचंही आलं असणार, नाहीतर नेमकं जामीन कशाला विचारतील? आणि दारावर तर पाटी, खोटी माहिती दिली तर कायमची बंदी. मी म्हटलं, एका माणसाशी खोटं बोलले तेवढं पुरे, आता सरकारशी नको. छाती पुढे काढून सांगितलं — अटक नाही, जामीन होते.

त्याची बोटं थांबली. चष्म्याच्या वरून बघितलं माझ्याकडे. म्हणाला, म्हणजे अटक व्हायच्या आधीच जामीन? मी म्हटलं, हो, आधीपासूनच, पहिल्या दिवसापासून. किती वर्षं? चार वर्षं पाच महिने. प्रकरण कसलं? सोसायटीच्या पैशाचं. एकट्या होतात? नाही, दोघं होतो, दुसरा पळाला, मी सापडले. — हस, हस! मलाही येतं हसू कधी कधी. — आणि पैसे? सगळे भरले, म्हटलं, एक पैसा ठेवला नाही. तर तो मान हलवून म्हणाला, बाई, खरं बोललात ते फार चांगलं केलंत. आणि मला इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं — चार वर्षांत पहिल्यांदा कुणापाशी बोलले होते मी. रडले त्याच्या समोर. त्यानं पाणी दिलं. आणि सगळं लिहिलं — बाईनं सोसायटीच्या पैशाचा घोटाळा केला, साथीदार फरार, बाई कोर्टाच्या जामिनावर सुटलेली, नंतर पैसे परत केले. खाली मी सही ठोकली. मला ती भाषा वाचता येत असती तर ना!

कर्जाला जामीन राहतो तोही जामीन, आणि चोराला कोर्टातून मिळतो तोही जामीनच. आपल्याच भाषेनं मला असं पकडलं, दुसऱ्याच्या भाषेला काय नावं ठेवायची.

मग पत्र आलं, कोर्टाचे कागद आणा. मी सोसायटीचा दाखला घेऊन आले. खिडकीवरची मुलगी म्हणाली, हा कोर्टाचा नाही. मी म्हटलं, कोर्ट कसलं, सोसायटीचा आहे, शिक्का बघ. ती म्हणाली, कोर्टाचा आणा. मी म्हटलं, अगं बये, कोर्टात कशाला जाऊ, मी तर सगळे भरले! मागे रांग खोळंबलेली. पहारेकऱ्यानं बाजूला केलं. दोन महिन्यांनी नकार आला. एक प्रत मला, एक प्रत ह्यांना, कारण बोलावणारे ते.

बुधवारी फोन आला. बुधवारी कधीच यायचा नाही. आवाज असा, की मला वाटलं गोदीत काही अपघात झाला. म्हणाले, कुणी अडकवलं तुला? — ऐकलंस? काय केलंस असं नाही विचारलं. कुणी अडकवलं, असं विचारलं. कागदावर लिहिलेलं की बायको चोर आहे, खाली बायकोची सही, आणि हे म्हणतात, तू केलं नसणार, मला माहीत आहे, नाव सांग, मी सुट्टी टाकून येतो, वकील बघतो, तू घाबरू नकोस, रडू नकोस. असा नवरा होता माझा. होता काय — आहे. आहेत ते.

आणि मी! मी हसायला लागले. सुटल्यासारखं झालं मला. म्हटलं, अहो, तसला जामीन नव्हे! चोरीचा नाही, कर्जाचा! धाकटीच्या टेम्पोला राहिले होते, त्या चष्मेवाल्यानं घोळ घातला —

मला वाटलं फोन तुटला. हॅलो, हॅलो केलं. मग म्हणाले, कधीपासून? सांगितलं. म्हणाले, म्हणजे मी निघालो त्याच्या पुढच्याच वर्षी. म्हटलं, हो. मग म्हणाले, ठेवतो. चोरी केली म्हणून कागद आला तेव्हा माझ्या बाजूनं उभे राहिले, आणि खरं सांगितलं तेव्हा फोन ठेवला. आता यातलं काय कुणाला समजावून सांगणार?

वर्षभरानं सासू गेली तेव्हा आले. अकरा दिवस होते. मी तोवर सगळं केलं होतं. ऑफिसात आत जाऊन तिथल्या मोठ्या बाईला भेटले होते, दुभाषा बसवला होता त्यांनी मधे. ती बाई म्हणाली, कर्जाचं तर आम्ही विचारलंच नव्हतं. जामीन राहिलात, हप्ते भरलेत, यात आमचं काही म्हणणंच नाही. सेक्रेटरीचं पत्र जोडा, शपथपत्र जोडा, नवीन अर्ज करा, नवऱ्याची सही आणा. बस. एका सहीचं काम. मी दहाव्या दिवशी सगळे कागद ह्यांच्यापुढे ठेवले, पेनचं टोपण काढून. हे सगळं वाचत गेले, सावकाश, एकेक पान. शेवटी म्हणाले, कागद बरोबर आहेत. आणि पेन खाली ठेवलं.

म्हणाले, रविवारी मी विचारायचो जेवलीस का. तू हो म्हणायचीस. जेवलेली असायचीस? मी म्हटलं, कधी असायची. कधी नाही. म्हणाले, आणि काय केलंय ते सांगायचीस, ते कुठून आणायचीस? आता काय लपवायचं — म्हटलं, शेजारच्या घरातून वास यायचा, तो सांगायची.

उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मोठा माणूस, लोखंड जोडणारा. मी आतून बघत होते. पाठ नुसती हलत होती. मी जायला हवं होतं बाहेर. नाही गेले. मला राग आला होता, खरं सांगते, मीच उपाशी राहिले आणि वर मीच गुन्हेगार? आत येऊन म्हणाले, मी तिकडे दोन वेळा पोटभर खायचो. आपली बायको जेवली म्हणून खायचो. तू मला काय करून ठेवलंस ते तुला कळतं का? — तेव्हा नाही कळलं. मी म्हटलं, सही करताय की नाही? असंच म्हटलं मी, ठसक्यात. निघताना हे दारात म्हणाले, पाठवतो.

त्या फॉर्मची मुदत संपली. दुसरा पाठवला. त्याची संपली. तिसरा पाठवला. पहिल्या-पहिल्यांदा महिन्यातून एक फोन यायचा, पण काही विचारायचे नाहीत. म्हणजे — जेवलीस का, हे नाही विचारायचे. हवा कशी आहे विचारायचे. मीच म्हणायची मधेच, मी जेवले बरं का. तर म्हणायचे, हं. त्या हं-मध्ये काय होतं सांगू? काहीच नव्हतं. खरं धरलं नाही की खोटं धरलं नाही, नुसतं ठेवून दिलं बाजूला, जसं मी ही लोकांची छत्री ठेवते. मग फोनही बंद झाले. पैसे येतात. पहिल्या तारखेला येतात, न चुकता. पैसे पाठवतो माणूस, सही नाही पाठवत. मी त्यातल्या एका दमडीला शिवत नाही, पडलंय सगळं बँकेत. आणि मी इथे का बसते माहितीये? कारखाना सोडून इथे पिशव्या सांभाळायला? लोक विचारतात तेव्हा सांगते, बसून काम आहे, गुडघे दुखतात. गुडघे चांगले धडधाकट आहेत माझे. सही टपालानं नाही आली आणि नवरा स्वतःच घेऊन आला, तर ती समोर त्याच दारातून आत जाऊन द्यावी लागते. आणि फोन आत नेता येत नाही. तो ठेवायला —

हे मी तुला का सांगतेय? मला काही कळत नाही. तुझं वय माझ्या निम्मं.

तर आता ऐक. तू आत काय सांगायचं त्याची काळजी करू नकोस. तिथे बसलेली माणसं आपलं काही लागत नाहीत. त्यांनी नकार दिला तर पुन्हा अर्ज करता येतो, शंभर वेळा करता येतो, फी भरली की झालं. तो फोन आहे ना हातात, तो लाव. आत्ता. इथून. — नंतर नाही! तिकडे गेल्यावर म्हणजे कधी? बॅगा उघडल्यावर? पहिल्या आठवड्यात की पहिल्या महिन्यात? रोज वाटेल, आज नको, आज चांगला मूडमध्ये आहे, आज वाईट मूडमध्ये आहे. मी चार वर्षं पाच महिने दर रविवारी म्हणत होते, पुढच्या रविवारी. तुझ्यापेक्षा जास्त माहितीये मला त्या रविवारांबद्दल. आता काय करत असेल तो? बेकरीत आहे ना? मग पीठ मळत असेल, मळू दे, एका हातानं मळेल. वेळ जुळते ना? मग लाव. — रागावेल? रागावू दे. व्हिसा मिळाल्यावर रागावला तर परक्या देशात एकटी रडशील, आत्ता रागावला तर निदान माझं स्टूल आहे. सोडून देईल? सोडून द्यायचं असेल तर तेही आत्ताच कळू दे, फी तरी वाचेल. — असं बघू नकोस माझ्याकडे. मी वाईट बोलते पण वाईट सांगत नाहीये. पलीकडे जा, त्या खांबामागे, तिथे रेंज असते. मला ऐकायचं नाही तुमचं. जा.

हं, काय ठेवायचंय दादा? हेल्मेट? हेल्मेटला वेगळे पैसे. फोन दोन आहेत? दोन्हीचे लागतील. घासाघीस करू नका, समोर फुकट ठेवतात का विचारा. आणि ते चामड्याचं पाकीट खिशात राहू द्या, मी पाकिटं ठेवत नाही, नंतर म्हणाल यात हजार होते. फाईलमध्ये मूळ कागद वर ठेवा, झेरॉक्स खाली. नाही, उलट नाही. बायकोचा का? — मुलाचा. बरं. या जाऊन.

खांबामागे काय करतेय ही. पाठच दिसतेय. बोलतेय का नुसती उभी आहे? लागला नसेल. लागलाय, डोकं हलतंय. बाई गं, रडायचं नाही, आधी सांगून टाक मग रड. — कोण? नाही हो, मी तुमच्याशी नाही बोलत. उजवीकडचा दरवाजा, डावीकडचा बाहेर यायचा आहे.

— काय गं? झालं? एवढ्यात? उचलला ना त्यानं? मग? बोल की, तोंडावरून काही कळत नाहीये. तू सांगितलंस? सगळं? ती माणसं घाण बोलायची तेही? आणि?

हसला?

म्हणजे कसा हसला? तुला हसला की — नाही, थांब, नीट सांग मला. तू म्हणालीस, मी एक लपवलंय. मग? — तो म्हणाला, थांब, हात धुतो. — हात धुऊन आला. मग तू सांगितलंस. मग तो हसला. म्हणाला, एवढंच ना, मला वाटलं काय नि काय. — आणि किती होतं ते विचारलं नाही? आणि आजवर का नाही बोललीस, हेही नाही? काही नाहीच? — वेडी आहेस, म्हणाला. आणि सव्वाअकराचं लक्षात ठेव, म्हणाला. एवढंच. आणि पुन्हा पीठ मळायला गेला.

पाच मिनिटं. पाचसुद्धा नाही लागली तुला.

नाही, कुठे काय. धूळ आहे इथे, जिन्याखाली सगळी धूळ खाली येते लोकांच्या पायांची. चांगलं झालं. फार चांगलं झालं गं. तुझा नवरा चांगला आहे. सगळेच असतात असं नाही, म्हणजे — चांगले असतात, पण आधी त्यांना — काही नाही. फोन दे. पर्स दे. जा आता, रांग सरकली. अगं पाठीवरून हात काय फिरवतेस माझ्या, मी काय लहान आहे? जा म्हणते ना. मागे बघू नकोस. पुढे कोण आहे? या, काय ठेवायचंय ते ठेवा.